वडील इंदूरला, शेत साताऱ्याला

समजा, वडील नोकरीसाठी इंदूरला गेले.
तिथेच स्थायिक झाले, तिथेच वारले.
बँकेतली ठेव इंदूरला.
शेत मात्र साताऱ्याला.
आता मुलांनी जायचं कुठे?

एक सूत्र लक्षात ठेवा.
पैशासाठी, राहतं ठिकाण.
जमिनीसाठी, जमिनीचं गाव.

आधी मृत्यूचा दाखला काढा.
मृत्यू जिथे झाला, तिथेच तो मिळतो.
चार प्रती जास्त घ्या.

आता ठेवीचं बघू.
नॉमिनी असेल, तर बँक त्याच्या हाती रक्कम देते.
पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे.
रक्कम वारसांचीच असते.
नॉमिनी नसेल, तर बँक सक्सेशन सर्टिफिकेट मागू शकते.
त्याचा अर्ज कुठे?
वडील जिथे राहत होते, तिथल्या न्यायालयात. म्हणजे इंदूरला.
भारतीय उत्तराधिकार कायदा १९२५ सालचा.
त्यानुसार हे सर्टिफिकेट देशभर चालतं.

आता शेत.
त्याला हे सर्टिफिकेट उपयोगी नाही.
गावच्या तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज द्या.
तीन महिन्यांच्या आत द्या.
मग फेरफार होतो, आणि सातबाऱ्यावर वारसांची नावं लागतात.

मृत्युपत्र सापडलं, तर आधी वकिलांना दाखवा.

पुन्हा सांगते.
पैशासाठी, राहतं ठिकाण.
जमिनीसाठी, जमिनीचं गाव.

आणि मंडळी, एक विनंती.
आपली कागदपत्रं कुठे आहेत, हे घरच्यांना आजच सांगून ठेवा.