आधी अंगण, मग पाटी



या परिषदेचे अध्यक्षपद तुम्ही मला दिलेत, त्याबद्दल मनापासून आभार मानते. आपल्या जिल्ह्याच्या आठही तालुक्यांतून मंडळी आली आहेत. दोडामार्ग किंवा वैभववाडीहून ओरोसला वेळेवर पोचायचे तर घर पहाटेच सोडावे लागते. म्हणून प्रास्ताविकात वेळ न घालवता थेट विषयाला हात घालते.

मूल खेळायला लागले की त्याचे शिकणे थांबते, असे आपण सगळेच धरून चालतो. वेळापत्रकात खेळाचा तास सर्वांत शेवटी येतो. परीक्षा जवळ आली की तो गणिताला दिला जातो. गृहपाठ न केलेल्या मुलाला आपण सांगतो, "आज तुला मैदानावर सोडणार नाही." निदान वयाच्या आठ-नऊ वर्षांपर्यंत तरी ही समजूत साफ चुकीची आहे, असे माझे म्हणणे आहे. लहान मूल हातापायांनी शिकते. त्याचे पुरावे आता हाताशी आहेत. त्यांतले काही भक्कम आहेत, काही कच्चे आहेत, आणि दोन्हींबद्दल मी तितक्याच मोकळेपणाने बोलणार आहे.

सुरुवात आपल्याच जिल्ह्यातल्या एका वस्तूपासून करू. सावंतवाडीच्या चितारआळीत लाकडी खेळण्यांच्या दुकानांत रंगीत फळे आणि बाहुल्यांच्या शेजारी पांगुळगाडा ठेवलेला असतो. तीन चाके आणि धरायला एक दांडी, एवढाच त्याचा थाट. हा गाडा मुलाला उचलून धरत नाही. मूल स्वतः उभे राहते, दांडी धरते, तोल गेला की बसते, पुन्हा उठते. आपली पावले त्याला दिसतात. पाऊल टाकले की गाडा किती सरकतो, हेही दिसते. आता घरोघरी आलेला प्लॅस्टिकचा वॉकर बघा. मध्ये झोळी, भोवती रुंद थाळी आणि खाली चाके. मूल त्यात बसते आणि पायाच्या बोटांनी जमीन ढकलते. स्वतःचे पाय त्याला दिसतच नाहीत. 1999 साली अमेरिकेत सीगल आणि बर्टन या दोन संशोधकांनी अशा वॉकरचा अभ्यास प्रसिद्ध केला. वॉकरमध्ये वाढलेली बाळे इतरांपेक्षा उशिरा बसली, उशिरा रांगली, उशिरा चालली, आणि बौद्धिक विकासाच्या चाचणीतही मागे राहिली. ज्या वॉकरच्या थाळीमुळे पाय झाकले जात होते, त्यांत हा फरक अधिक दिसला. अपघातांच्या कारणाने कॅनडाने 2004 साली वॉकरच्या विक्रीवर बंदी घातली. अमेरिकेतली बालरोगतज्ज्ञांची संघटनाही अशी बंदी गेली अनेक वर्षे मागत आहे. आपल्याकडे मात्र बारशाला वॉकर आहेर म्हणून येतो. उद्या कुणाच्या घरी बारसे असेल तर चितारआळीतून पांगुळगाडा न्या, एवढे मी येथे जमलेल्या प्रत्येकाला सांगेन. त्यात कारागिराचेही पोट आहे.

चालायला शिकणारे मूल किती मेहनत करते, हे न्यूयॉर्कच्या संशोधक कॅरन अॅडॉल्फ यांनी मोजून पाहिले. 2012 साली त्यांनी प्रसिद्ध केलेले आकडे असे : बारा ते एकोणीस महिन्यांची मुले मोकळी सोडली तर तासाला सरासरी 2368 पावले टाकतात आणि 17 वेळा पडतात. तासाला सतरा वेळा! आपण मात्र पहिल्याच धडपडीला "अरे, पडशील" म्हणून त्याला कडेवर घेतो. प्रत्येक पडण्यातून ते उतार, घसरण, अंतर आणि स्वतःचे वजन यांचा अंदाज घेत असते. 1963 मध्ये हेल्ड आणि हाइन यांनी मांजरीच्या पिलांवर केलेला प्रयोग मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना माहीत असेल. एक पिलू स्वतः चालत होते आणि त्याच्या चालण्याने दुसरे पिलू पाळण्यात बसून फिरवले जात होते. दोघांच्या डोळ्यांना दिसत होते एकच. पण खोली आणि अंतराची जाण आली ती स्वतः चालणाऱ्याला.

हे ज्ञान महाराष्ट्राला परदेशातूनच मिळाले असे नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डीला काम सुरू केले, आणि पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. वारली मुले बालवाडीत येईनात, तेव्हा ताराबाईंनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. महागड्या माँटेसरी साधनांच्या जागी बिया, शंख-शिंपले, पाने आणि खडे आले. मूल ओते, निवडे, रचे, ओळीने मांडे, आणि त्यातूनच मोजायला लागे. 2 ऑक्टोबर 1975 रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना आली आणि अंगणवाडी देशभर गेली. नाव गेले, पोषण आहार गेला, वजनकाटा गेला. अंगण मात्र बऱ्याच ठिकाणी मागेच राहिले, याची खंत मला वाटते.

आता मेंदूकडे वळू. हालचालींचा विकास लवकर पुरा होतो, विचारशक्ती उशिरा येते आणि दोहोंचा फारसा संबंध नाही, असे पूर्वी मानत. 2000 साली संशोधक अॅडेल डायमंड यांनी एका दीर्घ निबंधात ही समजूत खोडून काढली. तोल आणि हालचालींची जुळणी सांभाळणारा लहान मेंदू आणि योजना आखणारा, मनाला आवर घालणारा कपाळामागचा भाग हे दोघे बहुधा एकाच वेळी कामाला लागतात. काम नवे असेल, अवघड असेल, नियम बदलत असतील, तेव्हा दोन्ही जागे होतात. तेच काम सवयीचे झाले की दोन्ही निवांत होतात. या एका गोष्टीत आपल्या कवायतीबद्दलचे उत्तर दडलेले आहे. रांगेत उभे राहून एक-दोन-तीन-चार करताना शरीर हलते, पण पंधरा दिवसांनी मुलाला त्यात ठरवायचे असे काही उरत नाही.

त्याउलट पाच सागरगोट्यांचा डाव आठवा. किनाऱ्यालगतच्या काटेरी वेलीच्या शेंगांतले हे गुळगुळीत करडे बी, पैसा लागत नाही. मुलगी एक सागरगोटा वर उडवते. तो खाली येईपर्यंत जमिनीवरचा एक उचलायचा, शेजारच्याला धक्का लावायचा नाही आणि त्याच हाताने वरचा झेलायचा. पहिल्या फेरीत एकेक. दुसऱ्या फेरीत दोन-दोन. तिसऱ्या फेरीत तीन आणि एक. मग चारही एकदम. चार ही संख्या किती तऱ्हांनी फुटते, हे तिचा हात पहिलीच्या पुस्तकाआधी शिकतो. उंच उडवला तर वेळ मिळतो पण झेल सुटतो, हे तिला कळते. चुकून हललेला सागरगोटा कुणी पाहिला नसला तरी "मी बाद" म्हणायचे असते. लक्षात ठेवणे, हात आवरणे, पुढची चाल आधी ठरवणे, ज्यांच्या चाचण्या प्रयोगशाळेत घेतात ती सगळी कौशल्ये पडवीत बसून चाललेली असतात. लगोरी, आट्यापाट्या, लंगडी यांचेही असेच बारकाईने निरीक्षण करता येईल.

इथे थोडे सावध बोलते. खेळाने गुण वाढतात, असे सरसकट सांगत सुटू नका. अमेरिकेत चार्ल्स हिलमन यांच्या गटाने 7 ते 9 वर्षांच्या 221 मुलांवर नऊ महिने प्रयोग केला. शाळा सुटल्यावर रोज खेळणाऱ्या मुलांचे लक्ष टिकवण्याचे आणि मन आवरण्याचे काम सुधारले. 2014 साली हे प्रसिद्ध झाले. पण दोनच वर्षांनी डायमंड यांनी बजावले की नुसत्या धावण्याने ही कौशल्ये फारशी वाढत नाहीत, खेळात डोके चालवावे लागले पाहिजे. त्यावरचा वाद अजून मिटलेला नाही. विशिष्ट हातवारे केले की मेंदूचे दोन्ही भाग जोडले जातात, असे सांगून शिबिरे विकणारे लोक तुमच्या शाळेत आले तर त्यांना नम्रपणे परत पाठवा. त्याला पुरावा नाही. भक्कम पुरावा आहे तो वेगळ्या गोष्टीचा. कॅनडातल्या त्रुआ-रिव्हियेर गावी 1970 च्या दशकात प्राथमिक शाळेतल्या मुलांना वर्गाच्या वेळेतूनच रोज एक तास शारीरिक शिक्षण दिले. अभ्यासाचा वेळ कमी झाला, तरी गुण घसरले नाहीत. पालकसभेत हे उदाहरण जरूर सांगा. मुलांच्या भल्यासाठी एवढा आधार पुरेसा आहे.

पालकसभेचा विषय निघाला म्हणून लेखनाबद्दल बोलते. तीन वर्षांच्या मुलाचे पालक विचारतात, "ताई, अजून लिहित कसा नाय?" जन्मतः बाळाच्या मनगटातली आठही हाडे कूर्चेची असतात. पहिल्या वर्षात साधारण दोन हाडे होतात आणि बहुतेक तयार व्हायला सहा-सात वर्षे जातात. त्या मनगटाकडून आपण दुरेघी वहीत अक्षरे काढून घेतो. पीठ मळणे, शेंगा सोलणे, अबोलीचा वळेसर करायला बसणे, दोरी ओढणे, झाडाच्या फांदीला लोंबकळणे हीच त्याच्या लेखनाची पूर्वतयारी आहे. योग्य वेळी मात्र हाताने लिहायलाच हवे. 2012 साली जेम्स आणि एंगेलहार्ट यांनी अजून वाचता न येणाऱ्या पाच वर्षांच्या पंधरा मुलांचा अभ्यास केला. स्वतःच्या हाताने अक्षर काढल्यावर ते अक्षर पाहताना वाचनाशी संबंधित मेंदूचे भाग जागे झाले. टंकलेखनाने किंवा ठिपके गिरवून तसे झाले नाही. मुले थोडी होती, म्हणून फार मोठा निष्कर्ष काढू नये. पण ज्यांच्या आजोबांनी धूळपाटीवर बोटाने अक्षरे काढली, त्यांना यात नवल वाटणार नाही. मालवण, देवगड, वेंगुर्ल्याच्या ताईंना तर मैलोन् मैल वाळूची पाटी लाभली आहे.

आपल्या जिल्ह्याच्या अडचणी मला माहीत आहेत. जूनपासून चार महिने पाऊस मैदान वापरू देत नाही. वाडीवरच्या शाळेत पटावर सात-आठ मुले असतील तर खो-खोचा संघ होत नाही. पाणंदीने चालत येणारी मुले आता रिक्षात कोंबून येतात, आणि महामार्ग रुंद झाल्यापासून ती पायी यावीत असे सांगायला माझीही जीभ रेटत नाही. पण पावसाळ्यात ओटी आहे, पडवी आहे, गणपतीतल्या फुगड्या आहेत. कमी पटाच्या शाळेत पहिलीचे मूल चौथीच्या मुलाबरोबर खेळते. मोठ्याला नियम समजावून सांगावा लागतो, धाकट्याला धडपडून बरोबरी करावी लागते, आणि मोठ्या शाळांना हे मिळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 साली सांगितले आहे की तीन-चार वर्षांच्या मुलाने दिवसात निदान तीन तास हिंडाफिरायला हवे आणि पडद्यासमोर तासाहून अधिक बसू नये. इथल्या कुठल्याही वाडीला हे परवडणारे आहे.

दोन मुलांकडे विशेष लक्ष द्या. एक, सहावी-सातवीतली मुलगी. 2016 पर्यंतच्या आकड्यांवरून जगातली 11 ते 17 वयाची 81 टक्के मुले पुरेशी हालचाल करत नाहीत असे दिसते, आणि त्यात मुली मुलांहून मागे आहेत. तिच्यासाठी मैदानाइतकीच स्वच्छतागृहाची आणि घरच्यांशी बोलण्याची गरज असते. दुसरे, सतत ठेचकाळणारे, बटण न लावता येणारे, चेंडू हातातून निसटणारे मूल. शंभरात पाच-सहा मुलांना हालचालींची जुळणी मुळातच अवघड जाते. ते आळशी नाही, वेंधळे नाही. वर्गाने त्याला हसू नये आणि त्याला डॉक्टरांपर्यंत पोचवावे, हे आपले काम आहे.

आबासाहेब मुजुमदारांनी बडोद्याहून व्यायामज्ञानकोशाचे दहा खंड मराठीत काढले. तेवढे अवाढव्य काम मी मागत नाही. प्रत्येक शाळेने एक वही करावी. आपल्या वाडीतले खेळ, त्यांचे नियम, कोणत्या वयाचे मूल कुठे अडते आणि किती दिवसांत सुटते, एवढे त्यात लिहावे. आठ तालुक्यांच्या वह्या एकत्र आल्या तर मराठी मुलांविषयीची आपली स्वतःची माहिती उभी राहील. आज सारे आकडे मी परदेशातले सांगितले, ते यापुढे सांगावे लागू नयेत.

शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक शाळेला मैदान असावे असे 2009 सालीच म्हटले आहे. ते मैदान मुलांना रोज मिळावे, हे मात्र आपल्या हातात आहे. समारोपाच्या सत्रात ठराव येणार आहेत. त्यांत एक ठराव माझ्या वतीने घालावा, ही विनंती : या जिल्ह्यातली कोणतीही शाळा किंवा अंगणवाडी शिक्षा म्हणून मुलाचा खेळ काढून घेणार नाही, आणि परीक्षेच्या महिन्यातही खेळाचा तास दुसऱ्या विषयाला देणार नाही. तो एकमताने मंजूर करा आणि येत्या सोमवारपासून पाळा.