दिवाडी बेटावर चार रात्री

(रौप्यमहोत्सवानिमित्त सोसायटीच्या ज्येष्ठ सभासदांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कमिटीनं मला विषय दिला होता 'परदेश सहलीचं नियोजन'. बँकेत हयात गेली म्हणजे या माणसाला खर्चाचा अंदाज बरा काढता येत असेल, असा कमिटीचा समज दिसतो. तो समज मी मोडत नाही. विषय मात्र थोडा वळवून घेतो.

माझ्या नातीला सध्या पॅसिफिक महासागरातल्या सामोआ बेटांचं वेड लागलंय. तिथं म्हणे पाहुणा गावातच राहतो. 'फाले' नावाचं घर असतं, खांब आणि वर छप्पर, भिंती नाहीतच. संध्याकाळी गावाची प्रार्थनेची वेळ असते, तिला 'सा' म्हणतात. त्या वेळात बाहेरच्या माणसानं गावातून हिंडायचं नाही. रविवारी चर्च, जेवण आणि झोप. याच सामोआनं 2011 साली आंतरराष्ट्रीय वाररेषेची बाजू बदलली आणि त्यासाठी 30 डिसेंबर ही तारीखच गाळून टाकली. गुरुवारी झोपले ते शनिवारी उठले. त्या एका दिवसाचं व्याज तिथल्या बँकांनी कसं लावलं असेल, हा विचार मला अजून सोडत नाही. असो.

हे सगळं ऐकून आमची सौ. म्हणाली, "मला असंच गाव पाहिजे. पण तीन विमानं बदलून नको. आणि हे बघ, ते बघ असं कुणी म्हणायला नको. मला नुसतं बसायचंय." तिच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झालेली आहे, हे आपणा सर्वांना माहीत आहे. मागं एका सहलीत आम्हाला तीन दिवसांत चौदा ठिकाणं दाखवली होती. त्यातली निम्मी तिनं बसच्या खिडकीतून पाहिली आणि उरलेल्या ठिकाणी बाथरूमची रांग पाहिली. तेव्हा तिचं म्हणणं मला रास्त वाटलं.

मग मी नकाशा घेऊन बसलो. बेट पाहिजे, गाव पाहिजे, भाषा कळायला पाहिजे आणि वाटेत एक मुक्काम करून गाडीनं पोचता आलं पाहिजे. तसं एक ठिकाण आहे. गोव्यातलं दिवाडी बेट.

गोवा म्हटलं की आपल्याकडे भुवया वर जातात. पण दिवाडीला समुद्रकिनारा नाही. जुन्या गोव्याच्या समोर मांडवी नदीत हे बेट आहे. फेरीबोटीत चढायचं आणि पलीकडे उतरायचं. पायी जाणाऱ्याला तिकीट नाही. कोकण रेल्वे या बेटावरून जाते, पण ती आपल्यासाठी थांबत नाही. टेकडीवर पिएदादचं चर्च, खाली जुनी कौलारू घरं, भोवती शेती आणि पाणी.

मराठी माणसाचं तिथं नातंही आहे. कदंब राजांचं कुलदैवत श्रीसप्तकोटेश्वर. त्याचं मूळ देऊळ दिवाडीवर होतं. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ते पाडलं. भक्तांनी लिंग नदीपलीकडे डिचोली भागात नार्वे इथं नेलं आणि 1668 मध्ये शिवाजी महाराजांनी तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार केला. आपण दिवाडीला नार्वेच्या बाजूनंच जाणार आहोत, म्हणजे दर्शन आपोआप होतं. वेगळा 'पॉइंट' धरायची गरज नाही.

रस्ता असा. सोलापूर, विजापूर, बेळगाव. विजापूर 100 किलोमीटर, तिथून बेळगाव त्याच्या साधारण दुप्पट. बेळगावला मुक्काम, आणि यावर चर्चा नाही. एका दमात जाता येतं असं आपली मुलं म्हणतील. त्यांच्या कमरेला जमतंय. दुसऱ्या दिवशी नाश्ता करून चोर्ला घाट उतरायचा, साखळी, डिचोली, मग नार्वे आणि फेरी. आपली गाडी फेरीवर घेतात का, हे घरमालकाला आधी विचारून ठेवायचं. नाही घेतली तर सामान हातात धरून जायचं आहे, म्हणून माणशी एकच बॅग, तीसुद्धा स्वतःला उचलता येईल एवढीच.

जायचं कधी? पावसाळ्यात हिरवंगार असतं, पण घाटात धुकं आणि पायाखाली निसरडं. ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी दिवाडीवर बोंदेरा होतो. पूर्वी गावांच्या हद्दीवरून भांडणं व्हायची, त्याची आठवण म्हणून झेंड्यांची मिरवणूक निघते. बघण्यासारखा सण आहे, पण त्या दिवशी निवांतपणा विसरा. नोव्हेंबरच्या शेवटापासून 3 डिसेंबरपर्यंत जुन्या गोव्यात सेंट झेवियरच्या फेस्ताची गर्दी. शिवाय नोव्हेंबरात आपल्याला हयातीचा दाखला द्यायचा असतो. म्हणून माझं मत जानेवारीचं. गड्ड्यावरचा अक्षता सोहळा आणि शोभेचं दारूकाम झालं की दुसऱ्या आठवड्यात निघायचं.

आता मुख्य अडचणीकडे येतो. ती गोव्यात नाही, इथं आहे.

पंचवीस वर्षं आपण एकमेकांना ओळखतो. आपल्यातले कितीतरी जण दोन रात्रींपेक्षा जास्त घर सोडत नाहीत. पैसे नाहीत म्हणून नाही, मुलं अडवतात म्हणूनही नाही. कारण एकच, पाण्याचा दिवस. पाणी चार-पाच दिवसांनी येणार, कधी पहाटे तर कधी रात्री, आणि आपण नसलो तर टाकी कोण भरणार? हसू नका, मी घरोघरी विचारून आलोय. त्यामागोमाग तुळशीला पाणी, देवाची पूजा, दूधवाला, मांजर.

तर सहलीचं नियोजन इथून सुरू होतं. मी एक तक्ता केलाय. जाणाऱ्या प्रत्येक घरासमोर न जाणाऱ्या एका घराचं नाव. किल्ली त्यांच्याकडे. मोटर चालू करायची, टाकी भरली की बंद करायची, एवढंच काम. पूजेचं ज्यानं त्यानं ठरवावं. आमच्या घरी देवांना चार दिवसांची सुट्टी आहे, असं सौ.नं जाहीर केलंय.

औषधांचं आता सांगतो. गोळ्या आठ दिवसांच्या घ्यायच्या, सहलीच्या दिवसांएवढ्याच नाही. निम्म्या बॅगेत, निम्म्या जवळच्या पिशवीत. प्रिस्क्रिप्शनची झेरॉक्स. रात्रीची शेवटची फेरी किती वाजता आणि त्यानंतर गरज पडली तर काय करायचं, हे पोचल्या संध्याकाळीच घरमालकाकडून समजून घ्यायचं. मोठं हॉस्पिटल म्हणजे बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज, ते नदीच्या अलीकडे. म्हणून ज्यांना गेल्या सहा महिन्यांत हृदयाचा त्रास झालाय, त्यांनी मुक्काम पणजीत करावा आणि दिवसा आमच्याकडे यावं. यात लाज वाटण्यासारखं काही नाही. खोली आरक्षित करताना मी तीन प्रश्न विचारणार आहे. तळमजला आहे का, कमोड आहे का, उंबऱ्याला पायऱ्या किती. समोर काय दिसतं हा चौथा प्रश्न, वेळ उरला तर.

आणि तिथं करायचं काय? इथं माझा तक्ता कोरा आहे.

सकाळी पोदेर येतो. पोदेर म्हणजे पाववाला, सायकलवर भोंपू वाजवत येतो. त्याच्याकडून गरम पोई घ्यायची. आपल्या शेंगाचटणीबरोबर ती फार छान लागेल, असा माझा कयास आहे. दुपारी एक ते चार गोव्यात दुकानंही झोपतात, आपणही झोपायचं. संध्याकाळी बांधावर चालायचं, जेवढं जमेल तेवढं.

तो बांध मात्र बघण्यासारखा आहे. तिथल्या शेतीला खाजन म्हणतात. भरतीच्या वेळी नदीचं पाणी खारं होतं आणि शेतापेक्षा वर चढतं. आपण बंधारे घालतो ते पाणी आत अडवायला, हे लोक बांध घालतात ते पाणी बाहेर ठेवायला. बांधात लाकडी दार असतं, त्याला मानस म्हणतात. भरती आली की पाण्याच्या दाबानं ते आपोआप मिटतं. ओहोटी लागली की उघडतं आणि शेतातलं जादा पाणी निघून जातं. ना मोटर, ना वॉचमन. टँकरची वाट बघत ज्यांचा जन्म गेला, त्या आपण सोलापूरकरांनी हे दार तासभर बसून बघावं.

भरती कधी, हे आपल्या सोलापूरच्या दाते पंचांगावरून काढता येतं. तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. मुंबईच्या किनाऱ्याला हा ठोकताळा बराचसा जुळतो, गोव्यात थोडं मागंपुढं धरायचं. ओहोटी त्यानंतर साधारण सहा तासांनी. तेव्हा चिखल उघडा पडतो आणि पक्षी उतरतात.

एक विनंती. आपण कुणाच्या तरी गावात जाणार आहोत. सामोआत 'सा'ची वेळ पाळतात तसं इथंही पाळायचं. रविवारी सकाळी चर्च चालू असताना दारात उभं राहून फोटो नकोत. घरांच्या पडव्यांचे फोटो विचारल्याशिवाय नकोत. गाडीत गाण्याच्या भेंड्या चालतील, बेटावर नाहीत. घरमालकिणीसाठी सोसायटीतर्फे एक सोलापुरी चादर घेऊ, आणि निघताना 'देव बरें करूं' म्हणू. कोकणीत आभार असेच मानतात.

खर्चाचं पत्रक ऑफिसच्या बोर्डावर लावलंय. जेवणावळीचा आणि ड्रायव्हरच्या भत्त्याचा आकडा मी मुद्दाम जास्त धरलाय. उरलं तर परत मिळेल, हिशेब सर्वांना दाखवला जाईल.

गाडीत बारा जागा आहेत. आजपर्यंत नऊ नावं आली. उरलेल्या तीनपैकी दोन जागा कुणालाही खुल्या आहेत. तिसरी मी राखून ठेवली आहे. आपल्यातल्या एक काकू यजमान गेल्यापासून दोन वर्षं दवाखाना आणि भजनी मंडळ सोडून गेटच्या बाहेर पडलेल्या नाहीत. नाव घेत नाही, त्या समोरच बसल्यात आणि रागावतील. त्यांची टाकी कोण भरणार, हे तक्त्यात लिहून झालंय. त्यांचं 'हो' किंवा 'नाही' येईपर्यंत ती जागा दुसऱ्या कुणाला मिळणार नाही.