पिल्लाच्या दातांखाली काय द्यावे?

(ग्रामसेवक, शिक्षक व पंचायत सदस्य यांच्यासमोर एका पशुवैद्यकाने केलेले भाषण)



कुत्र्याच्या पिल्लाच्या खेळण्यांवर व्याख्यान आहे, हे ऐकून आपल्यापैकी काहींना हसू आले असेल. गाय, म्हैस, शेळी, कोंबडी हे आपले नेहमीचे विषय. त्यांच्या पंक्तीत कुत्र्याचे पान क्वचितच मांडले जाते. परंतु शेतावरील राखणीसाठी, मेंढ्यांच्या कळपासाठी आणि आता शहरातील सदनिकेतही पिल्लू आणले जाते, आणि पहिले सहा-सात महिने ते दिसेल ती वस्तू तोंडात घालते. ती वस्तू कोणती असावी हे आपण ठरविले नाही, तर पिल्लू ठरविते. घरात लहान मूल असेल, तर त्याचे बोट ही पिल्लाची आवडती निवड असते.

पिल्लाला दात येऊ लागतात ते साधारणपणे तिसऱ्या आठवड्यापासून. दुधाचे दात २८ असतात आणि ते सुईसारखे टोकदार असतात. चौथ्या महिन्याच्या सुमारास ते पडू लागतात व सातव्या महिन्यापर्यंत ४२ कायमचे दात त्यांची जागा घेतात. या काळात हिरड्या शिवशिवतात आणि काहीतरी चावल्यावाचून पिल्लाला चैन पडत नाही. म्हणजे चावणे ही त्याची खोड नसून गरज आहे. छडी उगारून ती मोडत नाही. मार खाल्लेले पिल्लू फार तर आपल्या नजरेआड जाऊन चावते.

आता याला जोडून असलेली गंभीर गोष्ट सांगतो. रेबीजची लस पिल्लाला साधारणपणे तीन महिन्यांचे झाल्यावर टोचतात. म्हणजे दुधाचे दात ज्या काळात अत्यंत तीक्ष्ण असतात, त्याच काळात पिल्लू लसीविना असते. ‘पिल्लूच ते, त्याच्या दाताने काय व्हायचे?’ हा समज आपल्याकडे खोलवर रुजलेला आहे आणि तो सर्वस्वी चुकीचा आहे. पिसाळलेले जनावर पिल्लाला चावले असेल, तर ते पिल्लूही पिसाळते व त्याच्या लाळेतून रोग पसरतो. माणसात या रोगाची लक्षणे एकदा दिसू लागली की मृत्यू जवळजवळ अटळ असतो. म्हणून पिल्लाचा दात लागून खरचटले, तरी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी, तीवर हळद, चुना, तिखट असे काहीही लावू नये आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे. कुत्र्यांमुळे होणाऱ्या रेबीजचे २०३० पर्यंत उच्चाटन करण्याचा राष्ट्रीय कृती आराखडा केंद्र शासनाने २०२१ मध्ये जाहीर केला. त्या कामाचा एक लहानसा भाग मुलांचे हात पिल्लाच्या तोंडापासून दूर ठेवणे हाही आहे, असे मी मानतो.

शिक्षकांनी मुलांना एवढेच शिकवावे : हात हे पिल्लाचे खेळणे नव्हे. पिल्लाने बोट धरले तर ओरडत पळू नये, कारण पळणाऱ्याच्या मागे लागणे हा त्याला खेळच वाटतो. स्तब्ध उभे राहावे आणि चावण्याजोगी दुसरी वस्तू त्याच्यापुढे करावी.

ती दुसरी वस्तू कोणती? आपल्याकडे या प्रश्नाचे ठरलेले उत्तर म्हणजे हाड, आणि तेच मला अमान्य आहे. शिजवलेले हाड ठिसूळ होते. कोंबडीचे तर विशेषच. त्याच्या अणकुचीदार चिरफळ्या घशात रुततात, आतड्याला भोक पाडतात. मोठे कठीण हाड मोडत नाही, परंतु ते चावताना दातच तुटतो. हाडासोबत मेंढीचे वा शेळीचे कच्चे काळीज, फुप्फुस टाकण्याची पद्धतही बंद झाली पाहिजे. त्यातील गाठींमधून पट्टकृमी कुत्र्याच्या पोटात वाढतो, त्याची अंडी विष्ठेतून बाहेर पडतात आणि अखेर माणसाच्या यकृतात पाण्याने भरलेल्या गाठी होतात. ज्या गावात कत्तलीचा टाकाऊ भाग उघड्यावर पडतो, तेथील पंचायतीने याकडे अवश्य लक्ष द्यावे.

कठीणपणा ओळखण्याची एक सोपी कसोटी आहे. वस्तूवर अंगठ्याचे नख दाबावे. थोडी खूण उमटली तर ती पिल्लाच्या दातांना सोसेल. नख सरकून गेले तर ती वस्तू परत ठेवावी. आकाराचीही कसोटी अशीच साधी आहे : वस्तू पूर्णपणे तोंडात मावता कामा नये. लहान चेंडू घशात मागे सरकला की श्वासनलिका बंद होते, आणि मग उपचाराला वेळच उरत नाही.

आतड्यात अडकणाऱ्या वस्तूंत दोन अगदी आपल्या घरच्या आहेत. एक आंब्याची कोय आणि दुसरा, दाणे काढून उरलेला मक्याच्या कणसाचा दांडा. दोन्ही चविष्ट, दोन्ही न पचणाऱ्या. याहून कपटी वस्तू म्हणजे दोरा. सुतळी, शिवणाचा धागा, पतंगाचा मांजा यांचे एक टोक जिभेखाली वा जठरात अडकते, उरलेला भाग पुढे सरकतो आणि आतडे चुणीसारखे गोळा होऊन कापले जाते. घड्याळातील बटणासारखी विद्युतघटी तर काही तासांतच अन्ननलिका भाजून काढते.

बाजारातील खेळण्यांबाबत एक गैरसमज दूर करावयास हवा. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर भारतीय मानक ब्यूरोची खूण बंधनकारक झाली, हे खरे. परंतु तो आदेश १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांसाठी आहे. कुत्र्याच्या खेळण्यांना तो लागू नाही. मुलांची जुनी बाहुली पिल्लाला द्यावी, तर तिचे बटणाचे डोळे आणि पोटातील शिट्टी दहा मिनिटांत बाहेर येते. दुकानात मिळणाऱ्या कातड्याच्या वळलेल्या कांड्या ओल्या होऊन फुगतात आणि त्यांचे मोठे तुकडे गिळले जातात. लहान पिल्लाला त्या देऊ नयेत.

दगड चावणारी पिल्ले आपण सर्वांनी पाहिली आहेत. १९७० च्या दशकात अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात जो मार्कहॅम या गृहस्थांच्या कुत्र्याला हीच सवय होती. फोक्सवॅगन मोटारीचा एक रबरी भाग हाती लागताच त्या कुत्र्याने दगड सोडून तो धरला. त्यावरून मार्कहॅम यांनी आतून पोकळ, जाड रबराचे खेळणे तयार केले. आज तसली खेळणी आपल्याकडेही मिळतात. पोकळीत भाकरीचा मऊ कुस्करा भरला की पिल्लू बराच वेळ रमते. (कुस्कऱ्यात कांदा, लसूण वा मनुका नसाव्यात, कुत्र्याला त्या विषारी आहेत.) टायरचा तुकडा मात्र त्या जागी चालणार नाही, त्यात तारा असतात.

पैसे खर्च करण्याची ऐपत वा इच्छा नसेल, तर जाड सुती कापडाची घट्ट गाठ मारून ती पाण्यात भिजवावी आणि माठाजवळ गार करून द्यावी; सुजलेल्या हिरड्यांना ती फार सुखावते. जाडजूड गाजरही चांगले. गाठीचे धागे सुटू लागले, गाजराचा लहान तुकडा उरला, की तो काढून घ्यावा. माणूस जवळ असतानाच या वस्तू द्याव्यात. जुनी चप्पल मात्र कधीही देऊ नये. जुनी कोणती आणि पाहुण्यांची नवी कोणती, हा भेद पिल्लाला कळत नाही, आणि मग दोष त्याला दिला जातो.

एवढे करूनही पिल्लू वारंवार ओकू लागले, अन्न टाकले, पोटाला हात लावू देईना वा कुंथू लागले, तर काहीतरी अडकले आहे असे समजावे. मीठ पाजून ओकारी काढू नये. तोंडातून वा गुदद्वारातून दोरा लोंबत असला तरी तो ओढू नये. ओढल्याने आतडे चिरते. पिल्लाला तसेच पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावे, आणि कुरतडलेल्या वस्तूचा जो तुकडा घरात उरला असेल तोही बरोबर आणावा.