टोपी, चुना आणि नुसती सही

आम्ही वारज्याच्या बचत गटातून बोलतोय. आमच्या मासिक बैठकीत हिशेब कमी आणि गप्पा जास्त होतात, असं घरचे म्हणतात. त्या गप्पांमधूनच आम्ही एक छोटा शब्दकोश केलाय. ऐका.

कल्टी मारणे : हप्त्याची तारीख आली की बैठकीची गल्ली सोडून मागच्या गल्लीने घरी जाणे.

पोपट होणे : अर्धा दिवस खाडा करून बँकेत रांग लावायची आणि खिडकीपाशी पोचल्यावर 'सर्व्हर डाऊन' ऐकायचं.

हरभऱ्याच्या झाडावर चढवणे : "ताई, तुमच्याशिवाय अध्यक्ष कोण होणार?" हे झाड गुडघ्याएवढंच, पण पडल्यावर कंबर मोडते.

चुना लावणे : ह्याला भिंत लागत नाही, भोळा माणूस पुरतो.

ध चा मा करणे : हा तर आपल्या पुण्याचाच. 1773 साली शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. चिठ्ठीतल्या 'धरावे'चं आनंदीबाईंनी 'मारावे' केलं, असं सांगतात. एक अक्षर बदललं की काय होतं, ते कागदावर सही करताना आठवावं.

आता शेवटचा शब्द, टोपी घालणे. ह्यावर आम्ही खूप हसायचो. मग आमच्यातल्याच एका ताईंनी शेजारणीच्या कर्जाला जामीन म्हणून सही केली. "नुसती सही तर करायचीय," असं त्यांना सांगितलं होतं. शेजारीण खोली सोडून गेली. पोरीच्या कॉलेजच्या फीचे पैसे हप्त्यात गेले. आणि आम्ही काय म्हणालो? "बसली टोपी!" हसलो. ताई पुढच्या दोन बैठकींना आल्याच नाहीत.

तेव्हा आमच्या लक्षात आलं. टोपी घालणारा वेगळाच असतो, पण आपण हसतो ते जिच्या डोक्यावर बसली तिला. मग ती गप्प बसते, आणि तीच टोपी दुसरीच्या डोक्यावर जाते.

आम्ही ताईंच्या घरी गेलो, माफी मागितली. आता नियम केलाय, कुठलाही कागद आधी बैठकीत मोठ्याने वाचायचा, मग सही. रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे मायक्रोफायनान्सच्या कर्जाचं कार्ड आणि करार आपल्याला समजेल अशा भाषेत द्यावा लागतो. वसुलीसाठी सकाळी नऊच्या आधी किंवा संध्याकाळी सहानंतर फोन करता येत नाही. तेव्हा इंग्रजी कागद पुढे आला, तर "मराठीत द्या" म्हणायला लाजू नका.

पहिला कागद ताईंनीच वाचला. चष्मा लावून, अडखळत, पण शेवटच्या ओळीपर्यंत.

म्हणून कोशात एक नवा शब्द घातलाय. नुसती सही : अशी कुठलीही वस्तू जगात नाही.

तुमच्या गावचे शब्द तुम्हीही जमवा. हसा जरूर, पण फसलेलीला नको, फसवणाऱ्याला हसा.