इंग्रजीच्या वर्गांत खेळाचें स्थान

(ज्युबिलीनिमित्त भरलेल्या पालक व शिक्षक यांच्या सभेंत केलेलें भाषण)



ज्युबिलीच्या ह्या सभेंत शाळेंतील इंग्रजीविषयीं आम्हीं दोन शब्द बोलावेत अशी आज्ञा झाली आहे. विषय चर्चच्या आवाराबाहेरचा दिसतो खरा; परंतु आपल्या धर्मग्रामांतील प्रत्येक घरीं त्याची काळजी वाहिली जाते. आईबाप आम्हांस वारंवार विचारतात, "फादर, पोरगा पांच वर्षें इंग्रजी शिकतो, पण तोंडांतून एक वाक्य निघत नाहीं, असें कां?" आमच्या मतें ह्याचें उत्तर असें कीं, वर्गांत त्याला इंग्रजी बोलण्याचें कारणच कधीं पडत नाहीं.

प्रथम आपल्या यवतमाळ जिल्ह्याची स्थिति ध्यानांत घ्यावी. केळापूर, घाटंजी, मारेगांव, झरी ह्या भागांतील पोडांवर मुलें घरीं कोलामी किंवा गोंडी बोलतात, पुसद, दिग्रस, दारव्ह्याकडील तांड्यांवर बंजारा बोली चालते, इतरत्र वऱ्हाडी. पुस्तकांतील मराठी हीच यांतील कित्येकांना नव्यानें शिकावी लागते, आणि तिच्या पाठोपाठ इंग्रजी येते. महाराष्ट्रांत पूर्वीं इंग्रजी पांचवीपासून शिकवीत. 2000 सालीं, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असतां, ती पहिल्या इयत्तेपासून सुरू झाली. जें धनवंतांच्या मुलांना फी भरून मिळतें तें खेड्यांतल्या मुलालाही मिळावें, हा विचार त्यामागें होता. तो रास्त होता. पण पुस्तक हातीं आलें म्हणजे भाषा जिभेवर आली असें होत नाहीं.

आतां एक साधा हिशेब करूं. वर्गांत साठ मुलें आहेत आणि तास चाळीस मिनिटांचा आहे. शिक्षकानें अवाक्षर न काढतां प्रत्येकाला पाळीपाळीनें बोलावयास सांगितलें, तरी एकेकाच्या वांट्यास चाळीस सेकंद येतात. वस्तुतः बोलतात तीं पुढच्या बांकावरचीं चार मुलें. मागें बसलेली पोडावरची मुलगी वर्षभर मूक राहते, आणि तिला कांहीं येत नाहीं असा आपण निकाल देतों. ह्याच मुलांच्या जोड्या केल्या, तर दहा मिनिटांत प्रत्येकास पांच मिनिटें बोलावयास मिळतात. गटकार्याचा मुख्य लाभ हाच होय.

ही कांहीं आजची नवलाई नव्हे. येशूसंघीय पाद्रींच्या शाळांसाठीं 1599 सालीं जी शिक्षणपद्धति ठरविण्यांत आली, तींत वर्गाचे दहा-दहा मुलांचे गट पाडून प्रत्येकावर एक नायक नेमीत. वर्गाचे दोन पक्ष करून त्यांच्यांत प्रश्नोत्तरांचे सामनेही होत. तेथें शिकावयाची भाषा लॅटिन होती, आणि ती त्या मुलांपैकीं कोणाचीच घरची भाषा नव्हती. आपल्या महाराष्ट्रांतही ताराबाई मोडक यांनीं 1945 सालीं बोर्डी येथें व पुढें अनुताई वाघ यांच्यासह कोसबाडास बालशिक्षणाचें जें काम केलें, त्यांत वारली मुलांना गाणीं, खेळ व भोंवतालच्या वस्तू यांच्याच वाटेनें शाळेची गोडी लावली.

मग इंग्रजीच्या वर्गांत कोणता खेळ घ्यावा? 'मामाचें पत्र हरवलें' हा खेळ कोणास ठाऊक नाहीं? मुलें गोल बसवावीं. पत्राच्या जागीं चित्राचा कागद ठेवावा. ज्याच्या पाठीशीं तो सांपडेल त्यानें 'धिस इज अ काउ' किंवा 'धिस इज अ पॉट' असें म्हणून मगच धांवावें. अगदीं लहानांसाठीं आज्ञेचा खेळ बरा: 'स्टँड अप', 'टच युवर नोज' असें शिक्षकानें म्हणावें व मुलांनीं तसें करावें. येथें बोलण्याची सक्ति नसते. कान आधीं तयार होतात आणि भित्रें मूलही सर्वांबरोबर हलूं लागतें.

थोड्या मोठ्या मुलांसाठीं दोघांना पाठीस पाठ लावून बसवावें. एकाच्या हातीं आठवडी बाजाराचें चित्र, दुसऱ्याच्या हातीं कोरी पाटी. पहिल्यानें इंग्रजींत सांगावें, दुसऱ्यानें विचारून विचारून तसें चित्र काढावें. जें एकापाशीं आहे तें दुसऱ्यापाशीं नाहीं, म्हणून बोलल्यावांचून गत्यंतर नसतें. चांगल्या भाषाखेळाचें मर्म हेंच आहे. त्याच रीतीनें चौघांच्या गटास एस. टी. चें वेळापत्रक द्यावें, आणि वणीस दुपारीं पोहोंचावयाचें तर कोणती गाडी धरावी हें इंग्रजींत शोधावयास लावावें. ह्याला खर्च नाहीं. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठी, खडे, तुरीच्या शेंगा, कापसाचीं बोंडें एवढें साहित्य पुरे आहे.

मात्र खेळाच्या नांवाखालीं नुसता गलबला होऊं नये. डॉ. एन. एस. प्रभु यांनीं 1979 ते 1984 या काळांत दक्षिण भारतांतील शाळांत नकाशे, वेळापत्रकें अशा कामांच्या द्वारें इंग्रजी शिकविण्याचा प्रसिद्ध प्रयोग केला. परंतु मुलांना गटांत मोकळें सोडण्यास ते फारसे अनुकूल नव्हते. मुलें एकमेकांचीच अशुद्ध भाषा उचलतील, ही त्यांची शंका होती. ती आम्ही हंसण्यावारी नेत नाहीं. म्हणून शिक्षकानें खेळापूर्वीं लागणारीं वाक्यें घोटून घ्यावीं, खेळ चालतां गटागटांतून फिरावें, आणि चुका खेळ संपल्यावर, कोणाचें नांव न घेतां, फळ्यावर दुरुस्त कराव्या. गटांतील प्रत्येकास क्रमांक द्यावा व उत्तरासाठीं कोणताही क्रमांक पुकारावा, म्हणजे हुशार मुलगा एकटाच बोलत नाहीं. उलट शेजाऱ्यास तयार करणें त्यालाच भाग पडतें. नियम समजावून देण्यास मराठी, कोलामी, गोंडी खुशाल वापरावी. घरच्या भाषेची लाज वाटूं लागलेलें मूल दुसरी भाषाही धीटपणें बोलत नाहीं. आणि दिवसाकांठीं दहा-पंधरा मिनिटें खेळ पुरे. वाचन व लेखन यांचा काळ त्यानें खाऊं नये.

2016 सालीं महाराष्ट्र शासन, टाटा ट्रस्ट्स व ब्रिटिश कौन्सिल यांनीं 'तेजस' नामक उपक्रम आरंभिला, त्यांत प्राथमिक शिक्षक स्वतःच गटानें एकत्र जमून इंग्रजीच्या अध्यापनाविषयीं विचारविनिमय करीत. शेजारशेजारच्या शाळांतील चार शिक्षकांनीं महिन्यांतून एकदां असें बसण्यास कोणाची आडकाठी आहे? ज्युबिलीच्या वर्षीं त्यासाठीं आमच्या सभागृहाचें दार उघडें आहे.

पालकहो, "शाळेंत पोरांना खेळावयास पाठवितों काय?" असें आपण म्हणतां. कापसाच्या भरंवशावर घर चालविणाऱ्या बापाला हें म्हणण्याचा अधिकार आहे. त्याच्या दृष्टीनें इंग्रजी म्हणजे पोराची नोकरी, व इंग्रजी माध्यमाच्या फीसाठीं तो कर्जही काढतो. त्यास आमचें सांगणें एवढेंच कीं, वर्गांत किती गडबड झाली हें पाहूं नका. आपलें मूल त्यांत किती वेळ बोललें हें विचारा. संध्याकाळीं त्याला म्हणा, "आज काय खेळलास? आम्हांलाही शिकव." तें शिकवूं लागलें, तर खेळ सार्थकीं लागला असें समजा. तें गप्प राहिलें, तर दुसऱ्या दिवशीं शिक्षकांना जाऊन भेटा. भांडूं नका, त्याच्या गटांत त्याची पाळी येते कीं नाहीं एवढें विचारा.

परमेश्वर आपल्या मुलांस धीट वाणी व आपणां सर्वांस धीर देवो.