मधुमेह, मूत्रपिंड आणि सोबतीची माणसे



महोत्सवाच्या प्रसंगी धर्मगुरूने उभे राहून मूत्रपिंडाविषयी बोलावे, याचे आपणांपैकी कित्येकांस नवल वाटेल. परंतु आजाऱ्यांच्या भेटीस मी ज्या घरी जातो, त्यांपैकी अनेक घरी उशाशी इन्शुलिनची सुई असते, आणि काही घरी आठवड्याचे दोनतीन दिवस डायलिसिसला वाहिलेले असतात. एका खेपेस सुमारे चार तास यंत्राशी जखडून पडावे लागते. खेड्यातून शहरात जाण्यायेण्याचा वेळ निराळाच. सरकारने २०१६ साली राष्ट्रीय डायलिसिस योजना जाहीर केली व जिल्हा रुग्णालयांतून गरिबांस ही सोय विनामूल्य मिळू लागली, ही मोठीच गोष्ट झाली. तथापि त्या यंत्रापर्यंत जाण्याची पाळी लांबणीवर टाकणे पुष्कळ अंशी आपल्या हाती आहे, आणि आज मी तेवढ्यापुरतेच बोलणार आहे.

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची जी पाहणी २०२३ साली प्रसिद्ध झाली, तीत देशातील मधुमेह्यांची संख्या सुमारे १० कोटी १० लाख दिली आहे. मधुमेह्यांपैकी साधारणतः तिसऱ्या हिश्शाच्या मूत्रपिंडांस पुढेमागे इजा पोचते. ‘आम्ही हाडकुळी माणसे, आम्हांस कसला मधुमेह?’ असे पुष्कळांच्या तोंडून ऐकू येते. त्यास पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतून १९९३ पासून चालविलेल्या अभ्यासाने चोख उत्तर दिले आहे. आपली बालके वजनाने हलकी जन्मतात, परंतु त्या हलक्या देहातही चरबीचा वाटा मोठा असतो.

हा विकार मुका आहे. लघवीतून अल्ब्युमिन नावाचे प्रथिन झिरपू लागते तेव्हा माणूस खुशाल हिंडतफिरत असतो. पायांवर सूज दिसते तेव्हा बहुधा पुष्कळ काम बिघडून गेलेले असते. म्हणून वर्षातून एकदा तरी लघवीतील अल्ब्युमिन व रक्तातील क्रिएटिनिन तपासून घ्यावे. नुसती साखर पाहून समाधानाने घरी परतणे पुरेसे नव्हे.

आता एक परदेशची हकीकत सांगतो. डेन्मार्कमध्ये कोपनहेगनजवळच्या स्टेनो मधुमेह केंद्रात, ज्यांच्या लघवीतून अल्ब्युमिन जाऊ लागले होते अशा १६० मधुमेह्यांचे दोन सारखे गट करण्यात आले. एका गटास नेहमीचे उपचार. दुसऱ्या गटामागे डॉक्टर, परिचारिका आणि आहारतज्ज्ञ अशी मंडळी एकत्र उभी राहिली. साखर, रक्तदाब, चरबी, आहार, चालणे, धूम्रपान या सर्वांकडे त्यांनी सुमारे आठ वर्षे एकदम लक्ष पुरविले. एकूण १३ वर्षांनी पाहता पहिल्या गटातील ८० पैकी ४० जण मृत्यू पावले होते, दुसऱ्यातील २४. मूत्रपिंडे पूर्ण निकामी झालेले पहिल्या गटात ६, दुसऱ्यात १. (ज्यांचे नाव त्या संस्थेस दिले आहे ते निल्स स्टेनसेन सतराव्या शतकातील शरीरशास्त्रज्ञ, पुढे ते कॅथोलिक झाले, बिशप झाले, आणि १९८८ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्यांस धन्य म्हणून घोषित केले. त्यांचे नाव आपल्याकडे फारसे कोणी घेत नाही, याचे मला वाईट वाटते.)

अशी मंडळी आपल्याकडे कोठून आणावी? रत्नागिरीच्या खेड्यांतून आहारतज्ज्ञ दाराशी येणार नाही, हे मला ठाऊक आहे. परंतु डॉक्टर आहे, उपकेंद्रातील परिचारिका आहे, आशाताई आहे, आणि मुंबईस नोकरी करणारा मुलगा दूरध्वनीवर आहे. उणीव आहे ती यांचा एकमेकांशी मेळ घालणाऱ्याची. तपासणीचे कागद एका पिशवीत, औषधांची यादी दुसरीकडे आणि आजारी मनुष्य तिसरीकडे, अशी अवस्था मी पुष्कळ घरी पाहतो.

स्वयंपाकघर तर अर्धा दवाखानाच होय. दिवसाकाठी मीठ ५ ग्रॅमपेक्षा अधिक नसावे, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा. आमच्या पानात खारा बांगडा, सुकट, लोणचे, पापड आणि मीठ घातलेले आगळ एकत्र आले की तो चमचा केव्हाच ओलांडला जातो. सैंधव वापरले म्हणजे सुटलो, हाही भ्रमच. कमी सोडियमच्या नावाने विकल्या जाणाऱ्या मिठात तर बहुधा पोटॅशियम असते. ते दुबळ्या मूत्रपिंडांस घातक ठरू शकते, म्हणून डॉक्टरांस विचारल्यावाचून घेऊ नये. मात्र आजाऱ्याकरिता अळणी भांडे निराळे चढविणे मला पसंत नाही. घरातील एकास वाळीत टाकून पथ्य चालत नाही. साऱ्या घरानेच मीठ उतरवावे.

गुडघेदुखीच्या गोळ्यांविषयीही सांगितले पाहिजे. दुकानातून मनाने आणलेल्या त्या गोळ्या मूत्रपिंडांची मोठीच हानी करू शकतात. आणखी एक गोष्ट फार थोड्यांस ठाऊक असते. मूत्रपिंडे क्षीण झाली की इन्शुलिन शरीरात अधिक काळ टिकते व साखर आपोआप उतरू लागते. घरचे आनंदतात, ‘मधुमेह बरा झाला’ म्हणतात. वास्तविक ती धोक्याची खूण असू शकते, आणि जुनीच मात्रा चालू राहिली तर रात्री घाम फुटून, शुद्ध हरपून अनर्थ ओढवतो. अशा वेळी मात्रा कमी करणे डॉक्टरांचे काम, परंतु खूण ओळखून त्यांस कळविणे शेजारच्या माणसाचे.

उपवासकाळात मजकडे येऊन ‘फादर, उपास मोडला तर पाप लागेल का?’ असे विचारणारे पुष्कळ आहेत. आजाऱ्यांस उपवासाचे बंधन नाही. इन्शुलिन टोचून उपाशी राहणे ही तपश्चर्या नव्हे. आमचे शेजारी एकादशीस साबुदाण्याची खिचडी खातात. तीही साखर झपाट्याने चढविते, हे त्यांसही स्नेहाने सांगावे.

माझी सूचना इतकीच आहे. धर्मग्रामातील प्रत्येक वाडीत दोघा-तिघांनी रक्तदाब मोजण्याचे यंत्र चालविण्यास परिचारिकेकडून शिकावे. मधुमेह्यांच्या घरी महिन्यातून एकदा जाऊन आकडा वहीत लिहावा, औषधांची डबी पाहावी आणि रक्तदाब १३० व ८० यांच्या वर राहत असेल तर वही डॉक्टरांकडे न्यावी. ज्याच्या घरी कोणी नाही, त्याच्यासोबत तपासणीस जावे. ख्रिस्ती, हिंदू, मुसलमान असा भेद या वहीत करण्याचे कारण नाही. मिस्सा आटोपल्यावर नावे माझ्याकडे द्यावीत. वह्या मी आणून ठेविल्या आहेत.