कूलंट: धार की फवारा?

भोसरीच्या किंवा शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या वर्कशॉपमध्ये डोकावलात, तर लेथवर दुधासारख्या पांढऱ्या पाण्याची धार पडताना दिसेल. हे कूलंट, म्हणजे धातू कापताना टूल थंड ठेवणारं द्रव. 1907 मध्ये अमेरिकेत अभियंते फ्रेडरिक टेलर यांनी मांडलं, की टूलच्या टोकाशी पाण्याची मोठी धार सोडली तर पोलाद कापण्याचा वेग 30 ते 40 टक्क्यांनी वाढवता येतो. तेव्हापासून धार सुटली ती सुटलीच! पण कूलंट नासतं, वास मारतं, हातांना खाज आणतं. आणि वापरून झाल्यावर नाल्यात ओतूनही चालत नाही.

आता पर्याय आहे सूक्ष्म फवाऱ्याचा. दाबाच्या हवेबरोबर वनस्पती तेलाचे बारीक थेंब नेमके टूलच्या टोकावर. धारेला मिनिटाला कित्येक लिटर लागतात. इथे तासाला साधारण 10 ते 100 मिलिलिटर. तेल घर्षण कमी करतं, बरीचशी उष्णता कापल्या गेलेल्या धातूच्या चिप्सबरोबर निघून जाते. बिडाच्या जॉबला तर अनेकदा तेवढंही लागत नाही, त्यातलं ग्राफाइटच वंगणाचं काम करतं. टायटॅनियमला मात्र फवारा अपुरा पडतो.

आणि फवाऱ्याचा खर्च परवडत नसेल, तर निदान नोझलचं तोंड तरी नीट वळवा. बरीचशी धार टूलऐवजी बाजूच्या पत्र्यालाच आंघोळ घालत असते!